दिवाळीच्या दिवसांत गावाकडच्या आई-वडिलांचे पैसे सुरक्षित कसे ठेवावेत?

आपला प्रश्न असा आहे: आपण नोकरीनिमित्त पुण्यात असता आणि आई-वडील लातूर जिल्ह्यातील गावी राहतात. दोघांत मिळून एकच स्मार्टफोन आहे. वडिलांच्या खात्यावर सोयाबीनचे आणि अतिवृष्टीच्या अनुदानाचे पैसे आले आहेत, आईच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचा हप्ता येतो, आणि दसऱ्यापासून त्या फोनवर रोज कोणाचा ना कोणाचा फोन किंवा संदेश येत आहे. अशा वेळी त्यांना काय सांगावे आणि फसवणूक झालीच तर आधी काय करावे, हे आपल्याला हवे आहे. मराठवाड्यातील ग्रामीण आणि तालुक्याच्या शाखांमध्ये माझी बँकेतील नोकरी झाली. फसवणुकीच्या तक्रारी नोंदवून घेणे आणि त्यांचा पाठपुरावा करणे हे माझ्या कामाचा मोठा भाग होते. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

आपल्या भागात दिवाळीचे दिवस ठकांना इतके सोयीचे का ठरतात, हे आधी समजून घ्यावे लागेल. सोयाबीनची रास झाली की माल बाजार समितीत जातो आणि पट्टीचे पैसे खात्यावर येतात. त्याच सुमारास पीकविमा, अनुदान आणि पीएम किसानसारख्या योजनांचे हप्ते येतात किंवा येणार अशी चर्चा असते. बीड आणि धाराशिवकडच्या ऊसतोड कुटुंबांना मुकादमाकडून उचल मिळालेली असते, आणि औद्योगिक वसाहतींतील कामगारांना बोनस मिळतो. वर्षभर ज्या खात्यात दोन-चार हजारांपलीकडे शिल्लक नसते, त्या खात्यात या दोन-तीन आठवड्यांत वर्षाची कमाई पडून असते. नेमके तेव्हाच लक्ष्मीपूजन, पाडवा आणि त्यांना लागून आलेला शनिवार-रविवार यांमुळे बँका बंद असतात, घरात पाहुण्यांची वर्दळ असते आणि आलेला संदेश शांतपणे वाचायला कोणाला सवड नसते. ठक गावचा नसला तरी हे वेळापत्रक त्याला पाठ असते.

म्हणून माझा सल्ला क्रमाने थोडा वेगळा आहे. बहुतेक जण आई-वडिलांना ‘अनोळखी फोन उचलू नका, ओटीपी सांगू नका’ असे बजावून सांगतात आणि तेवढ्यावर थांबतात. ते सांगायलाच हवे. तथापि, ओटीपी कोणालाही द्यायचा नसतो हे माहीत असलेल्या पुष्कळ माणसांच्या तक्रारी मी स्वतः लिहून घेतल्या आहेत. घाईत, भीतीत किंवा आनंदात असताना माहीत असलेली गोष्टही आठवत नाही. त्यामुळे फोनवरून हात घालता येईल अशा खात्यात मुळात मोठी रक्कम ठेवायचीच नाही, ही व्यवस्था बँका बंद होण्याआधी करून घ्यावी. माणूस चुकला तरी नुकसान दोन-तीन हजारांचे व्हावे, दोन लाखांचे होऊ नये.

ही व्यवस्था करण्यासाठी वसुबारसेच्या आधी एक दिवस काढून वडिलांबरोबर शाखेत जावे. यूपीआय ज्या खात्याला जोडलेले आहे त्यात सणाच्या खर्चापुरतेच पैसे राहू द्यावेत आणि बाकीची रक्कम यूपीआय, डेबिट कार्ड व मोबाइल बँकिंग यांपैकी काहीही जोडलेले नसेल अशा दुसऱ्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत वळवावी. मुदत ठेवीबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मोबाइल अ‍ॅप किंवा नेटबँकिंगला जोडलेली ठेव अ‍ॅपमधूनच मोडता येते. ज्याच्या हाती फोनचा ताबा गेला, तो आधी ठेव मोडतो आणि मग बचत खाते रिकामे करतो. म्हणून नेटबँकिंग असेल तर ‘फक्त पाहण्याचा अधिकार’ ठेवता येतो का, हे शाखेत विचारावे आणि ठेवीची पावती कागदी घ्यावी. डेबिट कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करून घ्यावेत. यूपीआयची दिवसाची मर्यादा सर्वसाधारणपणे एक लाख रुपये असते. बऱ्याच बँकांच्या अ‍ॅपमध्ये ती पाच किंवा दहा हजारांवर आणता येते. गावातल्या किराणा दुकानातील किरकोळ खरेदीसाठी यूपीआय लाइट (यूपीआय अ‍ॅपमधलेच छोटे पाकीट) पुरेसे आहे, कारण त्यात एका वेळी जास्तीत जास्त पाच हजार रुपये ठेवता येतात आणि मूळ खात्याला धक्का लागत नाही. शाखेत गेल्यावर खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक सध्या चालू असलेलाच आहे ना, हेही तपासावे. क्रमांक जुना असल्यामुळे पैसे गेल्याचा संदेशच मिळाला नाही आणि महिन्याने पासबुक भरताना चोरी कळली, असे ग्रामीण खात्यांत वारंवार घडते.

आता अंगठ्याचा विषय. शहरात याकडे फारसे लक्ष जात नाही. गावातील ग्राहक सेवा केंद्रात, ज्याला लोक मिनी बँक म्हणतात, आधार क्रमांक आणि अंगठा यांवर पैसे काढता येतात. त्याला ओटीपी लागत नाही, पिनही लागत नाही. बहुतेक केंद्रचालक सचोटीने काम करतात आणि त्यांच्यामुळे म्हाताऱ्या माणसांची तालुक्याची खेप वाचते, हे मी मनापासून मानतो. गैरप्रकार होतो तो मात्र ठरलेल्या पद्धतीनेच होतो. आजी निराधारचे किंवा अनुदानाचे पैसे काढायला येते, अंगठा लावते, चालक यंत्राकडे पाहत म्हणतो, ‘लागला नाही आजी, हात पुसून परत ठेवा’, आजी पदराला हात पुसून पुन्हा अंगठा ठेवते आणि दोन हजार हातात घेऊन घरी जाते. खात्यातून दोन वेळा दोन हजार वजा झालेले असतात. हे टाळण्यासाठी प्रत्येक अंगठ्यामागे यंत्रातून निघणारी पावती मागावी, व्यवहार फसला असेल तर फसल्याचीही पावती मागावी आणि केंद्रातून बाहेर पडण्याआधी शिल्लक विचारावी. ‘केवायसीसाठी’, ‘यादीत नाव आले का पाहण्यासाठी’ म्हणून दारावर कोणी बोटांचे यंत्र घेऊन आला तर त्यावर अंगठा ठेवू नये.

यावर पक्का उपाय आहे तो आधारचे बायोमेट्रिक लॉक करण्याचा. आधारच्या अधिकृत अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरून ते विनामूल्य करता येते आणि एकदा लॉक झाले की कोणत्याही यंत्रावर तो अंगठा चालत नाही. त्याची अडचणही सांगून ठेवतो: रेशन दुकानावर आणि योजनांच्या ई-केवायसीलाही तो अंगठा चालणार नाही, त्यासाठी थोड्या वेळापुरते लॉक उघडावे लागते. ज्यांना हे जमण्यासारखे नाही, त्यांनी आधारशी जोडलेल्या खात्यात मोठी शिल्लक न ठेवता अनुदान जमा झाल्याबरोबर ते दुसऱ्या खात्यात वळवावे.

फोनवर येणाऱ्या संदेशांत सध्या सर्वांत घातक प्रकार एपीके फायलीचा आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये थेट बसणारे अ‍ॅप. ते प्ले स्टोअरमधून न येता व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल म्हणून येते आणि त्याला नाव असते ‘पीएम किसान यादी’, ‘केवायसी अपडेट’, ‘आरटीओ चलन’ किंवा ‘लग्नपत्रिका’. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. ३० ऑगस्टची तारीख, ‘लग्नाला अवश्य यावे’ असा मजकूर आणि सोबत पीडीएफसारखी दिसणारी फाइल. ती उघडल्यावर त्यांच्या खात्यातून सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये गेले. आपल्याकडे तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात, त्यामुळे हा सापळा दिवाळीनंतर अधिकच लागू पडतो.

अशी फाइल उघडल्यावर पडद्यामागे काय होते, हे आई-वडिलांना कळले तर ते अधिक सावध राहतील. फोन आधी विचारतो की अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप बसवू का. त्यानंतर ते अ‍ॅप एसएमएस वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागते. दोन्हीला ‘हो’ म्हटले की बँकेचा ओटीपी तुम्ही कोणालाही न सांगता आपोआप ठकाकडे पोहोचतो, आणि तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच फाइल सगळ्या नातेवाइकांना जाते. म्हणूनच ‘मामाच्या नंबरवरून आली होती’ हा भरवसा येथे कामाचा नाही. खरी पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते, ती पाहायला कोणतेही अ‍ॅप बसवावे लागत नाही. फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे दिसली तर ती कोणाकडूनही आलेली असो, न उघडता पुसून टाकावी. आपण दिवाळीला घरी जाल तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझर या दोघांना असलेली ‘अनोळखी अ‍ॅप बसवण्याची’ परवानगी बंद करावी. पाच मिनिटांच्या या कामाने फाइल चुकून उघडली तरी अ‍ॅप सहजासहजी बसत नाही.

चुकून अ‍ॅप बसलेच तर फोन लगेच विमान मोडवर टाकावा, सिमकार्ड काढावे, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकाला कळवावे. त्या फोनवरचा सगळा डेटा पुसून तो नव्याने सुरू केल्याशिवाय त्यात पुन्हा बँकेचे काहीही उघडू नये.

सरकारी योजनांच्या नावाने येणाऱ्या फोनबद्दल: लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी राज्य शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर होते आणि त्या संकेतस्थळाच्या पत्त्यात महाराष्ट्र शासनाचे नाव असते. तशाच नावाची बनावट पाने निघाल्याचे उघड झाले असून त्यांवर आधार आणि बँकेचा तपशील मागितला जातो. अतिवृष्टीच्या अनुदानासाठी ज्यांचा व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) यादीत येतो, त्यांची केवायसी आपले सरकार सेवा केंद्रात समोरासमोर होते आणि यादी तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात पाहता येते. ‘तहसीलमधून बोलतोय, तुमचे अनुदान अडकले आहे, एक रुपया पाठवून खाते तपासा’ असे सांगणारा कोणीही तहसीलमधला नसतो. वडिलांना एवढेच सांगून ठेवा: अनुदानासाठी काही कमी पडत असेल तर ते गावात तलाठ्याला विचारून समजते, फोनवर समजत नाही.

बँकेच्या नावाने येणारे फोन आणि संदेश ओळखण्याच्या काही खुणा आता उपलब्ध आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांची संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाकडे गेली आहेत. बँकांच्या सेवेसंबंधीच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकांची मालिका ठरवलेली आहे. बँकेचा खरा एसएमएस दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत नाही, तो बँकेच्या ठरलेल्या अक्षरी नावाने येतो. ही शेवटची खूण फार उपयोगी पडते, कारण ‘तुमच्या खात्यात दहा हजार जमा’ असा संदेश साध्या मोबाइल क्रमांकावरून पाठवायचा आणि लगेच रडवेल्या आवाजात फोन करून ‘काका, दवाखान्याचे पैसे चुकून तुमच्याकडे आले, तेवढे परत पाठवा’ म्हणायचे, हा प्रकार सणात फार चालतो. पैसे खरोखर आले का, हे संदेशावरून न ठरवता शिल्लक पाहून ठरवावे. आले असतील तरीही स्वतः परत न पाठवता शाखेला कळवावे. ज्याचे असतील त्याला ते बँकेमार्फत परत जातील.

यूपीआयबाबत नियम एकच आणि तो पुरेसा आहे. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवरून पैशाची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली आहे, त्यामुळे त्या मार्गाने होणारी फसवणूक आटली आहे. व्यापाऱ्याच्या नावाने येणारी मागणी आणि ‘ऑटोपे’ची संमती मात्र अजूनही येऊ शकते. ऑटोपेला एकदा पिन टाकला की पुढे दर महिन्याला पैसे कापले जाऊ शकतात. अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती एकदा उघडून पाहावी आणि न ओळखीचे जे असेल ते रद्द करावे.

दुकानदारांसाठीही दोन शब्द लिहितो, कारण आपल्या घरी किंवा नात्यात कोणाचे दुकान असेल. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी लातूरच्या गंजगोलाईत किंवा संभाजीनगरच्या गुलमंडीवर पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत ‘पाठवले’ म्हणून मोबाइलचा पडदा दाखवणाऱ्यांत बनावट अ‍ॅप वापरणारे असतात. आपल्या फोनवर किंवा साउंडबॉक्सवर रक्कम आल्याशिवाय माल हातात देऊ नये, आणि दुकान उघडताना आपला क्यूआर कोड स्वतः स्कॅन करून नाव आपलेच येते ना हे पाहावे. वरून दुसऱ्याचा कागद चिकटवलेला असू शकतो.

सणाच्या खरेदीत सर्वाधिक पैसा सोन्यात जातो, आणि तेथील फसवणूक मोबाइलवरची नसल्याने ती अनेक वर्षे लक्षातही येत नाही. सोन्याच्या दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक अशा तीन खुणा असायला हव्यात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेला दागिना या एचयूआयडी क्रमांकाशिवाय विकता येत नाही. बावीस कॅरेटसाठी ९१६ असा आकडा असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्क केंद्राची माहिती दिसते. अ‍ॅपमध्ये अंगठी दिसत असेल आणि हातात गंठण असेल, तर तो क्रमांक दुसऱ्याच दागिन्याचा आहे. हॉलमार्कचे शुल्क एका नगाला ४५ रुपये आणि त्यावरील कर एवढेच आहे. ‘हॉलमार्कचा घेतला तर तोळ्यामागे दोन हजार जास्त’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. पावतीवर वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. घरोब्याच्या सराफाकडे पक्की पावती मागायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. तो संकोच सोडायला हवा, कारण पावतीशिवाय ग्राहक आयोगापुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

ऑनलाइन फटाके ‘शिवकाशीहून थेट, ऐंशी टक्के सूट’ अशा जाहिरातीवर पैसे पाठवू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ई-कॉमर्स संकेतस्थळांवरून फटाके विकण्यास मनाई केली आहे. त्यामुळे अशा ठिकाणी पैसे बुडाले तर माल मागायलाही जागा राहत नाही. पार्सलच्या बाबतीत ‘पत्ता अपूर्ण आहे, पाच रुपये भरा’ अशी लिंक उघडू नये, आणि वस्तू हातात आल्याशिवाय डिलिव्हरीचा ओटीपी देऊ नये. न मागवलेले पार्सल पैसे देऊन घेऊ नये, विशेषतः घरात फक्त आजी-आजोबा असतील तेव्हा. ‘मुलाने मागवले आहे’ असे सांगून पैसे घेणारे येतात.

आपण स्वतः पुण्याहून गावी जाणार असाल तर प्रवासाबद्दल एक सूचना करतो. तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत म्हणून गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिल्या दिसलेल्या क्रमांकावर फोन करणे, हे सुशिक्षित तरुणांच्या फसवणुकीचे एक मोठे कारण आहे. तो क्रमांक ठकाने टाकलेला असू शकतो, आणि तो माणूस ‘रिफंडसाठी’ पडदा दिसणारे अ‍ॅप बसवायला सांगतो. क्रमांक नेहमी तिकिटावरून किंवा त्या कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्यावा; रेल्वेसाठी १३९ आहे. खासगी बसचालकांना एसटीच्या त्याच दर्जाच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक भाडे घेता येत नाही, असा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. जास्त घेतल्यास तिकीट जपून ठेवून आरटीओकडे तक्रार करावी.

ठेवींचा विषय मला अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण मोबाइलवरच्या चोरीत जेवढे जाते त्यापेक्षा कितीतरी अधिक पैसा आपल्या भागात ओळखीच्या माणसांच्या शब्दावर गेलेला मी पाहिला आहे. बीड आणि संभाजीनगर परिसरातील काही मोठ्या पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या गेल्या काही वर्षांत बंद पडल्या. निवृत्त शिक्षकांची ग्रॅच्युइटी, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, जमीन विकून आलेली रक्कम असे सगळे त्यांत अडकले. पाडव्याच्या मुहूर्तावर ‘विशेष दिवाळी ठेव, बारा-तेरा टक्के व्याज’ असे फलक आजही लागतात. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण असते. ते सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थांना आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्यांना नाही. नावात ‘अर्बन’, ‘नागरी’ किंवा ‘मल्टिस्टेट’ असणे म्हणजे बँक असणे नव्हे. ठेवीची पावती घेताना हे पैसे ठेव विमा महामंडळाच्या संरक्षणात आहेत का, असे थेट विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. बाजारातील चांगल्या बँका सहा-सात टक्क्यांच्या आसपास देत असताना कोणी दुप्पट देत असेल, तर वरचे व्याज तो कोणाच्या मुद्दलातून देणार आहे, याचा विचार वडिलांनी करावा. ठेव आणणारा एजंट आपलाच भाचा असतो, तो प्रामाणिकही असतो. बहुतेक वेळा त्याचे स्वतःचे पैसेही त्यातच बुडालेले असतात.

ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारी मुले आहेत त्यांना एक कळकळीची विनंती आहे. ‘खाते आणि सिमकार्ड वापरायला दे, महिन्याला पाच हजार मिळतील’ असे सांगणारे लातूर, नांदेड आणि संभाजीनगरच्या शिकवणी वर्गांच्या आणि वसतिगृहांच्या भागांत फिरत असतात. फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो, आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे. ‘मला माहीत नव्हते’ एवढ्यावर सुटका होत नाही, खाते गोठते, पुढे नोकरीच्या पडताळणीतही अडचण येते. मुलाला सणासाठी पैसे हवे असतील तर ते घरातून द्या, पण त्याचे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम त्याच्याच ताब्यात आहेत ना, हे विचारून घ्या.

आता फसवणूक झालीच तर. येथे वेळेला पैशाइतकीच किंमत आहे. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० वर फोन करावा. ही सेवा दिवाळीच्या सुटीतही चोवीस तास चालू असते. फोन लागत नसेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. तक्रार नोंदली की ती ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेकडे लगेच पोहोचते, आणि त्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तर तेवढी रोखून धरली जाते. ठक पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे मिनिटांत हलवतो आणि शेवटी एटीएममधून किंवा अंगठ्यावर रोख काढतो. रोख निघाली की माग संपतो. म्हणून ‘पाडवा झाल्यावर बँक उघडली की जाऊ’ किंवा ‘आधी मुलाला विचारू’ यात गेलेला प्रत्येक तास महागात पडतो. तक्रारीसाठी खाते क्रमांक, व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, रक्कम आणि वेळ लागते. हे सगळे बँकेच्या संदेशात किंवा यूपीआय अ‍ॅपच्या इतिहासात असते. घाबरून ते संदेश पुसू नयेत. आजच एका कागदावर १९३०, बँकेचा टोल फ्री क्रमांक आणि खाते क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून देवघराजवळ किंवा टीव्हीशेजारी चिकटवावा.

त्याच वेळी बँकेलाही कळवावे आणि तक्रार क्रमांक व वेळ लिहून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने कळवले असेल, तर ग्राहकावर काहीही भार पडत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्यासाठी हा भार जास्तीत जास्त दहा हजार रुपयांपर्यंत मर्यादित राहतो. ओटीपी किंवा पिन ग्राहकाने स्वतः दिला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचे असते. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणूनच तक्रारीवरील वेळ इतकी महत्त्वाची असते. शाखेत तोंडी सांगून परत येऊ नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्यावी. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वकिलाची गरज नसते.

रोखून धरलेली रक्कम आपोआप परत येईलच असे धरून चालू नये. ती परत मिळवण्यासाठी, विशेषतः रक्कम मोठी असेल तर, न्यायालयात अर्ज द्यावा लागू शकतो, त्यासाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५०३ लागू होते, आणि अनेक ठिकाणी लोकअदालतीतही असे आदेश होतात. यासाठी सायबर पोलीस ठाण्यातून किती रक्कम, कोणत्या बँकेत रोखली आहे याचा तपशील घ्यावा. हा पाठपुरावा वडिलांना एकट्याने जमणार नाही. आपण किंवा गावातील एखाद्या जाणत्या माणसाने त्यांच्याबरोबर जावे.

याच काळात आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी अमुक शुल्क भरा’ असे सांगणारा तो माणूस पहिल्या ठकाचाच साथीदार असतो, आणि तक्रारीची रक्कम, तारीख, बँकेचे नाव हे सगळे त्याला बरोबर माहीत असल्यामुळे लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. पोलीस, बँक, न्यायालय किंवा लोकपाल यांपैकी कोणीही अडकलेली रक्कम सोडवण्यासाठी यूपीआयवर पैसे मागत नाही. असा फोन आला तर तो क्रमांक लिहून ठेवावा आणि मूळ तक्रारीच्या क्रमांकाबरोबर तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला नेऊन द्यावा.